ध्वनिश्रवणासाठी मॉनिटर-स्पीकर : सक्रिय की निष्क्रिय?

‘चार’ ही संख्या आणि ‘गुरे चार’ या आज्ञेतील ‘चार’ यांचे लेखन एकच. उच्चार मात्र दोन. पहिल्यातील च तालव्य, दुसऱ्यातील दंततालव्य. हा भेद कानाला बव्हंशी घर्षणाच्या अंशावरून कळतो. तालव्य उच्चारात घर्षणाचा जोर साधारणतः २५०० ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. दंततालव्य उच्चारात तो त्याहून वर सरकतो. बोलीच्या ध्वनिमुद्रणातून निवेदकाचा च कोणता हे ठरविणाऱ्या अभ्यासकाला हा पट्टा मोलाचा असतो, आणि स्पीकर बनविणाऱ्याला नेमका हाच अडचणीचा. कारण वूफरकडून ट्वीटरकडे ध्वनी सोपविण्याचे काम, म्हणजेच क्रॉसओव्हर, बहुधा २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास पार पाडावे लागते. ध्वनिप्रयोगशाळेपुरता मॉनिटरच्या निवडीचा प्रश्न या सांध्यापाशी येऊन ठेपतो.

निष्क्रिय मॉनिटरमध्ये ॲम्प्लिफायर बाहेर असतो. त्याने वाढविलेला प्रवाह पेटीतील वेटोळी, धारित्रे आणि रोधक यांच्या जाळ्यातून विभागला जाऊन दोन्ही घटकांना पोहोचतो. सक्रिय मॉनिटरमध्ये ही विभागणी क्षीण संकेतावरच, प्रवर्धनापूर्वी होते आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. (ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ही जोडी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला कर्तरी-कर्मणीची आठवण देईल, येथे तिचा तसा काही संबंध नाही.) ज्या पेटीत ॲम्प्लिफायर आहे, ती सक्रियच, असा समज मात्र चुकीचा आहे. पुष्कळ स्वस्त पेट्यांत एकच ॲम्प्लिफायर बसविलेला असतो आणि त्यापुढे तेच निष्क्रिय जाळे असते. अशा पेटीला ‘पॉवर्ड’ म्हणावे. सक्रिय म्हणू नये.

हा भेद केवळ रचनेचा नाही. स्पीकरचा विद्युत्‌विरोध कंप्रतेनुसार बदलतो. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर कोठे पाच ओहमचा, तर कोठे तीस ओहमचा असतो. निष्क्रिय जाळ्याला या चंचल भाराशी जुळवून घ्यावे लागते. तारेचाही त्यात वाटा असतो. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाची दहा मीटर तार घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.४६ ओहम भरतो. त्यामुळे ज्या कंप्रतेला विरोध चार ओहम आहे तेथील आणि जेथे तो वीस ओहम आहे तेथील ध्वनी यांत सुमारे पाऊण डेसिबलची तफावत पडते. जाड व आखूड तारेने हा दोष सहज टळतो. दुसरा दोष मात्र तारेने टळत नाही. वेटोळे तापले की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो आणि जाळ्याचा मेळ ढळतो. पण संभाषणाच्या पातळीवर ऐकताना वेटोळे फारसे तापतच नाही. तेव्हा या मुद्द्याचा विक्रेते करतात तितका बाऊ करण्याचे कारण नाही.

सक्रिय रचनेचा खरा लाभ सांध्याच्या तीव्र उतारात आहे. दर सप्तकाला २४ डेसिबल हा उतार तिच्यात सहज साधतो, आणि दोन्ही घटक एकाच वेळी बोलतात तो पट्टा अरुंद होतो. ३००० हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११.५ सेंटिमीटर असते. वूफर आणि ट्वीटर यांची केंद्रे १७ सेंटिमीटर अंतरावर असली, तर ऐकणाऱ्याचे डोके अक्षापासून सुमारे वीस अंश वर गेल्यावर दोन मार्गांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो आणि तेथे ध्वनी क्षीण होतो. म्हणजे एक मीटरवर बसलेला आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला असे दोन विद्यार्थी एकाच च विषयी प्रामाणिकपणे भिन्न मत देऊ शकतात! सक्रिय मॉनिटरमध्येही हे घडते. पट्टा अरुंद असल्याने कमी घडते, इतकेच.

म्हणून निष्क्रिय मॉनिटर टाकाऊ ठरत नाहीत. बी.बी.सी.ने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील तोकड्या जागेसाठी सिद्ध केलेला एल.एस. ३/५ए हा निष्क्रियच होता. त्याचा सांधा ३००० हर्ट्झजवळ असूनही मानवी वाणीच्या यथार्थतेबद्दल त्याची ख्याती झाली. मात्र त्यासाठी त्याच्या जाळ्यावर फार मेहनत घ्यावी लागली होती. यामाहाचा एन.एस.-१०, १९७८ चा, हाही निष्क्रिय. त्याच वर्षी फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या जेनेलेकने तेथील नभोवाणीसाठी आरंभापासून सक्रिय मार्ग धरला. पुढे स्टुडिओंचा कल त्या बाजूला गेला.

विभागाजवळ चांगला ॲम्प्लिफायर आधीच असेल, तर उत्तम निष्क्रिय जोडी घेणे हे शहाणपणाचेच आहे; बिघाड झाला तर ॲम्प्लिफायर तेवढा दुरुस्तीला जातो, पेटी जागेवर राहते. सर्वच नव्याने घ्यावयाचे असेल, तर त्याच खर्चात सक्रिय जोडी बहुधा सरस पडते. तिच्या प्रत्येक पेटीला विजेची जोडणी लागते, आणि जवळ बसल्यास काही पेट्यांची मंद सरसर ऐकू येते. महाप्राणाच्या सूक्ष्म श्रवणात ती उपद्रवी ठरते. म्हणून खरेदीपूर्वी ध्वनी न वाजविता पेटीपुढे क्षणभर बसून पाहावे. त्यानंतर ‘चार’ची आणि ‘जग’ची (विश्व या अर्थाचा व जगण्याच्या आज्ञेचा) ओळखीची मुद्रिते बसून व उभे राहून ऐकावीत, आणि तीच हेडफोनवर ताडून पाहावीत.