सुट्टीतला तंबू आणि थोरलीची सही

गेल्या वर्षी आमच्या दोन्ही मुलांच्या शाळेतून निसर्ग शिबिराच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. सातवीतल्या धाकट्याच्या चिठ्ठीवर मी लगेच सही केली. नववीतल्या थोरलीच्या चिठ्ठीवर केली नाही. कारणे विचारली तेव्हा सांगितली: मुक्कामाची सोय माहीत नाही, नमाजचे काय, जेवण कसे असेल, लोक काय म्हणतील. ती काही बोलली नाही. भाऊ परत आल्यावर मात्र त्याची वही घेऊन त्यातली पक्ष्यांची चित्रे पाहत बसली.

मी शिक्षिका आहे. दरवर्षी दुसऱ्यांच्या मुलींना सहलीला घेऊन जाते, त्यांच्या पालकांना धीर देते. मुलींच्या शिक्षणासाठी हिंगण्याच्या माळावर संस्था उभी करणाऱ्या महर्षी कर्वे यांच्या नावाच्या वस्तीत राहते. आणि माझ्याच मुलीच्या कागदावर माझा हात अडला. म्हणून यंदा परीक्षा संपायच्या आधीच आम्ही घरात ठरवले की मे महिन्यात सगळ्यांनी मिळून डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाकडे तंबू घेऊन जायचे. आखणीची वही थोरलीच्या हातात दिली.

चांदोलीच का?

सह्याद्रीतले चांदोली राष्ट्रीय उद्यान सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. वारणा नदीवरच्या धरणाचा वसंत सागर जलाशय याच जंगलात पसरला आहे. १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तर २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा समावेश झाला तेव्हा त्यात चांदोलीही होते. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, शेकरू, धनेश यांचे हे घर. पुण्याहून कराडमार्गे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास.

थोरलीने वहीत पहिलाच प्रश्न लिहिला: तंबू जंगलात लावता येतो का? उत्तर आहे, नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. आत जायचे ते दिवसा, वनविभागाची परवानगी घेऊन, ठरलेल्या रस्त्याने. मुक्काम हद्दीच्या बाहेर. हे ऐकून धाकटा हिरमुसला. त्याला सांगितले, ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातो त्यांच्या माजघरात पथारी टाकत नाही. या जंगलासाठी आणि धरणासाठी कितीतरी गावांनी आपली घरे-शेते सोडली आहेत. तेव्हा अंगणात राहायला मिळते हेच पुष्कळ.

ओळखीतून उद्यानाच्या बाहेर मणदूरच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाचे अंगण मिळाले. फोनवर मी तीनच गोष्टी विचारल्या. शौचालय आहे का, त्याला आतून कडी आहे का, रात्री घरात बायामाणसे असतात का. तिन्हीला होकार आला तेव्हा माझ्या निम्म्या काळज्या तिथेच संपल्या. गेल्या वर्षी हेच तीन प्रश्न मी शिबिरवाल्यांना विचारले असते तर?

नमाज, वुजू आणि जेवण

सासरी आम्ही हनफी, माझे माहेर कोकणातले शाफई. त्यामुळे सफरीतल्या नमाजवर घरात चांगलीच चर्चा झाली. इतक्या लांबच्या प्रवासात कस्र आहेच, म्हणजे जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन. दोन नमाज एकत्र करण्याची सवलत शाफई मसलकात आहे, हनफीत नाही. ज्याने त्याने आपल्या मसलकाप्रमाणे करावे, शंका असल्यास निघण्यापूर्वी इमामसाहेबांना विचारावे. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. डोंगरात मोबाइलची रेंज जाते, म्हणून वेळापत्रक कागदावर लिहून घेतले. मे महिन्यात फज्रची वेळ पावणेपाचच्या सुमारास सुरू होते. पक्षी पाहायलाही तीच वेळ उत्तम, त्यामुळे मुलांना उठवायला निमित्त आयतेच मिळाले.

जेवणाचे कोडेही वाटले तितके अवघड नाही. पहिल्या दिवसासाठी घरून कोरडा परतलेला खिमा आणि चपात्या. नंतर डाळ-भात, अंडी, शेंगदाण्याची चटणी, यजमानांकडच्या भाकऱ्या. पिण्यासाठी माणशी रोज चार लिटर पाणी धरले आहे, वुजूसाठी लोटा वेगळा. शेकोटी मात्र नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीचे गवत वाळून कोळ झालेले असते, एक ठिणगी पुरते. स्वयंपाक यजमानांच्या चुलीवरच.

तंबूत शिरण्यापूर्वी

तंबू भाड्याने आणला आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभा करून पाहिला. पहिल्या वेळी पाऊण तास लागला, तिसऱ्या वेळी दहा मिनिटे. तंबूची चेन कायम बंद ठेवायची, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरते. चपला झटकून घालायच्या, अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचे नाही. खाण्याच्या वस्तू तंबूत ठेवायच्या नाहीत. वळवाचा पाऊस आला, विजा कडाडू लागल्या तर तंबू आणि झाड दोन्ही सोडून पक्क्या घरात जायचे. साप चावलाच तर मांत्रिक नाही, दोरी आवळणे नाही, थेट दवाखाना. रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनविभागाचा १९२६ हे दोन्ही क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतले. उद्यान पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून जूनची वाट पाहू नये, आणि निघण्यापूर्वी प्रवेशाचे दिवस व शुल्क वनविभागाकडे विचारून घ्यावे.

दादीचा प्रश्न

सगळे ठरत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वयात आलेल्या मुलीला रानात नेता, बेटा?" मी उत्तर द्यायच्या आत थोरलीने वही त्यांच्यापुढे ठेवली. "दादी, तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगा, मी लिहून घेते." दादींनी पाच गोष्टी सांगितल्या. चार आधीच वहीत होत्या. पाचवी होती, "तिथे कोणी आपल्याला नावे ठेवली तर?"

या प्रश्नाचे उत्तर वहीत नव्हते. थोडा वेळ सगळेच गप्प झाले. मग थोरली म्हणाली, "ज्यांच्या अंगणात राहणार आहोत, त्या काकूंशी अम्मी तीनदा बोलली आहे. त्यांनी विचारलंय, तुमच्या दादींना भाकरी मऊ लागते का?"

दादी येतो म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र विचारले, गाडीत त्यांची घडीची खुर्ची मावेल का.

माझ्यासारख्या आयांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलीला नाही म्हणताना आपण जी कारणे देतो, ती एकदा कागदावर उतरवावीत. त्यातली बहुतेक कडी, पाणी, वेळापत्रक आणि दोन फोन यांनी सुटतात. जे उरते त्याला खरोखर भीती म्हणावे, आणि त्यावर घरात बसून बोलावे. कुरआनात जमिनीवर फिरण्याचे, डोंगर कसे रोवले आहेत ते पाहण्याचे आवाहन आले आहे, ते मुलग्यांपुरते नाही.

पुढच्या वर्षीच्या शिबिराची चिठ्ठी अजून आलेली नाही. पेन मी कपाटावर काढून ठेवले आहे.