पायथॉनमधील व्याप्ती आणि आयुर्मान

पायथॉन या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड स्क्रिप्टिंग भाषेत व्याप्ती, म्हणजेच स्कोप, आणि आयुर्मान, म्हणजेच लाइफटाइम, या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. एखादे नाव प्रोग्रामच्या कोणत्या भागात ओळखले जाते, ही त्या नावाची व्याप्ती होय. एखादा ऑब्जेक्ट संगणकाच्या स्मृतीत किती काळ टिकतो, हे त्याचे आयुर्मान होय. नाव संपले म्हणजे ऑब्जेक्टही संपला, असे गृहीत धरल्यास स्मृती अडकून पडणे, फाइल उघडी राहणे यांसारखे दोष उद्भवतात.

पुढील उदाहरणांत सातारा जिल्ह्यातील कोयना धरण आणि सांगलीतील कृष्णा नदीवरील आयर्विन पूल येथील पाणीपातळी नोंदवणारा एक काल्पनिक प्रोग्राम घेतला आहे. कोयना नदी कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. त्यामुळे धरणातून सोडलेल्या पाण्याचा परिणाम सांगलीतील पातळीवर होतो. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.० पासून चलांची नावे देवनागरीतही लिहिता येतात.

नावांची व्याप्ती

नावाचा शोध चार पातळ्यांवर क्रमाने घेतला जातो: चालू फंक्शन, त्याला वेढणारे फंक्शन, मॉड्यूल आणि भाषेतील अंगभूत नावे. 'इफ' किंवा 'फॉर' यांना स्वतंत्र व्याप्ती नसते. म्हणून लूप संपल्यावरही त्यातील चल उपलब्ध राहते. फंक्शनमध्ये ज्या नावाला मूल्य दिले जाते ते स्थानिक मानले जाते. बाहेरच्या नावाला नवे मूल्य देण्यासाठी 'ग्लोबल' किंवा 'नॉनलोकल' अशी घोषणा करावी लागते.

संदर्भगणन

सीपायथॉन या मूळ अंमलबजावणीत ऑब्जेक्टकडे निर्देश करणाऱ्या संदर्भांची संख्या मोजली जाते. ती शून्य झाली की ऑब्जेक्टची स्मृती मुक्त होते. 'डेल' हे विधान ऑब्जेक्ट नष्ट करत नाही, केवळ नाव काढून टाकते. एकाच यादीला 'सातारा' आणि 'सांगली' अशी दोन नावे दिली असल्यास, 'सातारा' हे नाव काढल्यावरही ती यादी 'सांगली' या नावाने शिल्लक राहते.

सामायिक ऑब्जेक्ट

नोंदींची यादी क्लासच्या मुख्य भागात तयार केली, तर ती एकदाच निर्माण होते आणि त्या क्लासच्या सर्व ऑब्जेक्टमध्ये सामायिक राहते. परिणामी कोयनेची नोंद आयर्विन पुलाच्या यादीतही दिसते. प्रत्येक ठिकाणाची यादी स्वतंत्र हवी असल्यास ती 'इनिट' मेथडमध्ये तयार करावी लागते.

चक्रीय संदर्भ

धरणाच्या ऑब्जेक्टमध्ये पुलाचा आणि पुलाच्या ऑब्जेक्टमध्ये धरणाचा संदर्भ ठेवल्यास चक्र तयार होते. बाहेरची सर्व नावे गेली, तरी हे दोन्ही ऑब्जेक्ट एकमेकांना धरून ठेवतात आणि संदर्भसंख्या शून्य होत नाही. अशी चक्रे शोधणारा कचरा संकलक २००० मध्ये पायथॉन २.० मध्ये समाविष्ट झाला. मात्र तो नेमका केव्हा चालेल यावर विसंबता येत नाही. पुलाकडून धरणाकडे 'वीकरेफ' मॉड्यूलमधील दुर्बल संदर्भ ठेवल्यास हे चक्र टळते. धरणाचा ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर हा संदर्भ 'नन' हे मूल्य देतो.

फाइल बंद करणे

फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी आधी बफरमध्ये साठतात. सीपायथॉनमध्ये शेवटचा संदर्भ जाताच फाइल सहसा आपोआप बंद होते. पायपाय या दुसऱ्या अंमलबजावणीत संदर्भगणन नसल्याने यास विलंब होऊ शकतो. दरम्यान प्रोग्राम अचानक थांबला, तर पुराच्या वेळच्या अखेरच्या नोंदी गमावण्याचा धोका असतो. यासाठी २००६ मध्ये पायथॉन २.५ मध्ये 'विथ' हे विधान आले. त्याच्या कक्षेतून बाहेर पडताना, मध्ये त्रुटी उद्भवली तरी, फाइल बंद केली जाते. त्यानंतरही फाइलचे नाव आणि तिचा ऑब्जेक्ट शिल्लक राहू शकतात. मात्र त्या बंद फाइलमध्ये लिहिण्याचा प्रयत्न केल्यास त्रुटी येते.