भुईमुगावरील केवडा व हिराकसाची फवारणी

चुनखडीयुक्त जमिनीत भुईमुगाचे पीक ऐन वाढीत असता शेंड्याची पाने पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि विकार बळावल्यास पाने पांढुरकी होऊन कडेने करपतात. यास शेतकरी केवडा म्हणतात. पीक उपाशी आहे असे समजून पुष्कळदा युरिया दिला जातो. परंतु त्याने हा पिवळेपणा जात नाही व पैसा मात्र खर्च होतो.

नत्राची उणीव असल्यास प्रथम खालची, जुनी पाने पिवळी पडतात व शिरांसह सर्व पान फिकट होते. लोहाची उणीव असल्यास प्रथम कोवळी पाने पिवळी पडतात. कारण जुन्या पानांतील लोह नव्या पानांकडे सहजासहजी जात नाही. हा भेद प्रथम ओळखावा.

अशा जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे ते न विरघळणाऱ्या स्वरूपात राहते व मुळांना घेता येत नाही. पाणी साचल्यास हा विकार वाढतो. जमिनीत टाकलेल्या हिराकसाचीही बव्हंशी तीच गत होते. म्हणून तो पानांवाटे देणे श्रेयस्कर होय.

फवारणीसाठी 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, व 100 ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळावे. 15 लिटरच्या पंपास हे प्रमाण अनुक्रमे 75 व 15 ग्रॅम पडते. लिंबूसत्त्व पाण्यात आधी विरघळवावे, म्हणजे लोह तळाशी बसत नाही. हिराकस हिरवट खड्यांचा असावा. तांबूस झालेली भुकटी उपयोगी नाही. द्रावण प्लास्टिकच्या बादलीत करून, गाळून, त्याच वेळी वापरावे. शिळे होऊन तांबूस झालेले द्रावण फवारू नये.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा शांत असता करावी. भर उन्हात अथवा अधिक तीव्र द्रावण वापरल्यास पाने करपतात. कोवळी पाने चांगली भिजावीत. नवीन येणारी पाने पुन्हा पिवळी दिसल्यास 10 ते 15 दिवसांनी दुसरी फवारणी करावी. काम संपताच पंप स्वच्छ धुवावा, नाहीतर तो गंजतो.

खात्री करून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. भुईमुगाच्या पानास चार पर्णिका असतात. त्यांपैकी दोन पर्णिकांस बोळ्याने हे द्रावण लावावे व त्या रोपास दोरा बांधून ठेवावा. सुमारे आठवड्याने तेवढ्याच दोन पर्णिका हिरव्या झाल्या, तर उणीव लोहाचीच आहे असे समजावे. न झाल्यास अन्य कारण शोधावे व फवारणीचा खर्च वाचवावा.

फवारणी हा चालू पिकापुरता उपाय होय. त्यासोबत पाण्याचा निचरा राखणे, बेताने पाणी देणे आणि दरवर्षी चांगले कुजलेले शेणखत घालणे अगत्याचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन पर्णिकांचा हा प्रयोग शेतकऱ्यांच्या हातून त्यांच्याच शेतात करवून घ्यावा. आऱ्या जमिनीत उतरण्यापूर्वी केवडा ओळखला गेल्यास शेंगांचे पुष्कळ नुकसान टळेल.