कंपायलर खुला, मग प्रोग्राम कोणाचा?

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली आणलेला ‘जीसीसी’ हा असाच एक खुला कंपायलर. तो वापरून केलेलं सॉफ्टवेअर विकायचं, तर आपला कोडही जाहीर करावा लागतो का?

नाही. रंधा उसना असला, तरी खुर्ची सुताराचीच. जीसीसीच्या लायब्ररीचे काही तुकडे तयार प्रोग्राममध्ये मिसळतात खरे. पण त्यांना परवान्यात खास सवलत आहे.

कंपायलरच बदलून इतरांना दिला, तर मात्र ते बदल खुले करावे लागतात. स्टीव्ह जॉब्ज यांच्या ‘नेक्स्ट’ कंपनीला जीसीसीला जोडलेला ‘ऑब्जेक्टिव्ह-सी’चा भाग बंद ठेवायचा होता; अखेर तो खुला करावा लागला. म्हणून विक्रीआधी परवाना वाचाच.