ट्रंकेत सापडलेलं लष्करी पदक कसं वाचायचं?

जुन्या ट्रंकेत आजोबांचं पदक सापडलं की बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. ‘आजोबांचं शौर्यपदक’ म्हणून फोटो ग्रुपवर जातो आणि कुणीतरी ते पितांबरीने घासायला घेतं. दोन्ही जरा थांबवा.

आधी घासण्याचं. गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून तीच अक्षरं पुसट होतात. भिंग घ्या, कड उजेडात फिरवा, आधी ते वाचून वहीत उतरवा. दुसऱ्या महायुद्धातली स्टार पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, भारतीय सैनिकांच्या स्टारवर मात्र मागच्या बाजूला नाव असतं. त्यामुळे ‘बर्मा स्टार’ आधी उलटा करून पाहा.

आता शौर्याचं. परमवीर चक्र, वीर चक्र ही शौर्यपदकं. ट्रंकेत सापडतात ती बहुधा सेवापदकं, म्हणजे ठरावीक काळ, ठरावीक ठिकाणी केलेल्या नोकरीची. त्यात कमीपणा काहीच नाही. ‘संग्राम मेडल’ 1971 च्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. पूर्व आघाडीवर असलेल्यांना ‘पूर्वी स्टार’, पश्चिमेकडच्यांना ‘पश्चिमी स्टार’. म्हणजे नुसत्या संग्राम मेडलवरून ‘आजोबा ढाक्याला होते’ असं म्हणता येत नाही. पूर्वी स्टार सोबत असेल तर विचारपूस करायला जागा आहे.

फितीवरची धातूची पट्टीही बघा. ‘जनरल सर्व्हिस मेडल 1947’ वर ‘जम्मू अँड काश्मीर 1947-48’ किंवा ‘गोवा 1961’ अशी पट्टी असते. मोहीम तिथेच कळते.

कड कोरी असेल तर? मूळ पदक हरवलं किंवा जपून ठेवायचं म्हणून सैनिक दुकानातून दुसरं घेतात. त्यामुळे कोरं म्हणजे लबाडीच असं नाही. पण संग्रहासाठी विकत घेताना त्याला नावाच्या पदकाची किंमत देऊ नका.

पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी पदकं सुटी विकली जातात, एकाच माणसाची चार पदकं चार गिऱ्हाइकांकडे. एकदा जोड फुटली की त्या माणसाची नोकरी पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य. संग्राहक असाल तर जोड तोडू नका. घरची असतील तर कागदपत्रांसकट एकत्र ठेवा. पलटण मराठा लाईट इन्फन्ट्री निघाली, तर त्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. पत्र लिहिताना कडेवरचा क्रमांक जसाच्या तसा द्या.