शनी निसटण्याआधी

दुर्बिणीची खरी परीक्षा मागे मुलांची रांग लागली की होते. सर शनी बरोबर मधोमध आणून देतात, बाजूला होतात, पाचवीतली पोरगी स्टुलावर चढते, एक डोळा मिटते, दुसरा लावते. तोवर शनी गेलेला असतो. "सर, काहीच नाही दिसत." सर पुन्हा वाकतात.

यात चूक कोणाचीच नसते. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकते. मोटर नसलेली दुर्बीण जागची हलत नाही आणि ग्रह तिच्यासमोरून निघून जातो. किती वेळात, ते ठरते आयपीसवर, म्हणजे आपण जिथे डोळा लावतो त्या छोट्या नळीवर. चंद्रपूर-गडचिरोलीत हौसेने घेतलेल्या बहुतेक दुर्बिणी अशाच हाताने फिरवायच्या. त्यामुळे रुंद क्षेत्राचा आयपीस घ्यायचा तो नजारा भव्य दिसावा म्हणून नव्हे, वेळ मिळावा म्हणून, असे माझे मत आहे.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक आयपीसला स्वतःचे एक आभासी क्षेत्र असते; त्याला वर्धनाने भागले की आकाशाचा किती तुकडा दिसतो ते कळते. वर्धन काढायचे तर दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे. बाजारात सर्रास मिळणारी ७६ मिलिमीटर आरशाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घ्या. खोक्यावर ५२५ पट लिहिलेले असते. सोबतच्या ४ मिलिमीटरच्या आयपीसचे १७५ पट आणि त्यावर तिप्पट करणारे बार्लो भिंग, असा तो आकडा जुळवलेला असतो. एवढ्याशा आरशाला १५० पटसुद्धा जड जाते. त्या ४ मिलिमीटरच्या आयपीसचे क्षेत्र जेमतेम ३५ अंशांचे. १७५ ने भागले की उरतो अंशाचा पाचवा भाग, म्हणजे ४८ सेकंद. त्यातले निम्मे स्टँडची थरथर थांबण्यातच जातात.

आता १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची साधी डॉब्सोनियन, म्हणजे बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, घ्या. तिला १० मिलिमीटरचा, ५० अंशांचा प्लॉसल आयपीस लावला तर १२० पट वर्धन आणि शंभर सेकंद. त्याजागी ९ मिलिमीटरचा, ६६ अंशांचा लावला तर वर्धन वाढून १३३ पट होते, तरीही अर्धा अंश आकाश दिसते. पूर्ण चंद्र नेमका मावतो आणि शनी दोन मिनिटे टिकतो. एवढ्यात दोन मुले धक्काबुक्की न करता बघून होतात.

हे क्षेत्र वाढवायला माणसाला बराच काळ लागला. ह्युजेन्सचा दोन भिंगांचा आयपीस सतराव्या शतकातला. व्हिएन्नाच्या प्लॉसलने १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर बसवली. ती रचना आजही हौशी लोकांची भाकरी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एर्फलेने लष्करी दुर्बिणींसाठी आणखी रुंद आयपीस काढला. मग अपोलो यानांच्या सिम्युलेटरसाठी प्रकाशयंत्रणा करणाऱ्या अल नॅगलर यांनी १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला. एका नॅगलरच्या पैशांत आपल्याकडे छोटी दुर्बीण येते, तेव्हा तो विषय इथेच सोडू. आपल्या कामाचे आहेत ते ६६ ते ६८ अंशांचे, काही हजारांत मिळणारे चिनी बनावटीचे आयपीस. सोनेरी किंवा लाल पट्टीवरून ते ओळखू येतात.

यांतही निवड आहे. ६, ९, १५ आणि २० मिलिमीटर असा संच मिळतो, पण चारही घेऊ नका. ६ आणि ९ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये खालच्या बाजूला एक अंतर्वक्र भिंगगट असतो, त्यामुळे आखूड दुर्बिणीतही कडेचे तारे बऱ्यापैकी नीट राहतात. १५ आणि २० मध्ये ते कडेला फराटल्यासारखे दिसतात. एफ/८ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट) किंवा त्याहून लांब दुर्बिणीत कमी, एफ/५ मध्ये डोळ्यांना खुपेल इतके.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. सव्वा इंची नळीत क्षेत्राची मर्यादा ठरवणारे आतले कडे साधारण २७ मिलिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून ३२ मिलिमीटरचा साधा प्लॉसल आणि २४ मिलिमीटरचा, ६८ अंशांचा महागडा आयपीस आकाशाचा सारखाच तुकडा दाखवतात. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो सव्वा अंशाच्या किंचित वर. फरक वर्धनाचा. वर्धन जास्त असले की पार्श्वभूमी काळी पडते. चंद्रपूर शहरात, २९२० मेगावॅटचे वीज केंद्र, कोळशाची धूळ आणि रस्त्यांचे दिवे यांमुळे आकाश राखाडी असते. तिथे २४ मिलिमीटरवर खर्च केलेला पैसा वसूल होतो. भामरागड-एटापल्लीकडे काळोख फुकट आहे. तिथे प्लॉसल घ्या, उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घ्या.

आणि दक्षिणेकडे वळा. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिल-मे महिन्यांत सिरोंच्याहून क्षितिजावर जवळपास २४ अंश चढतो, दिल्लीत फक्त १४. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. तो तारा नसल्याचे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून हॅलेने नोंदवले. चंद्राएवढ्या जागेत दाटलेली ही ताऱ्यांची गर्दी ३२ मिलिमीटरमध्ये ढगासारखी दिसते. मग ९ मिलिमीटरचा लावून कडेचे तारे सुटे होतात का ते पाहायचे.

काही गोष्टी मात्र कुठल्याच आयपीसमध्ये मावत नाहीत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड समाजातले आकाशज्ञान नोंदवून २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. बाज आणि चोर मिळून वीस-पंचवीस अंशांवर पसरलेले आहेत. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळत गेलेल्या रॉकेटच्या अवशेषांतले धातूचे मोठे कडे सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडले, तेव्हाही अंगणात नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांनाच सगळा प्रकार दिसला.

आयपीस घेतल्यावर त्याचा खरा शत्रू पावसाळा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि एकदा लेपावर रुतली की डाग राहतो. जूनआधी आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल अधूनमधून तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येते. चामडी किंवा कापडी पेटी नको, ती ओल धरते. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. साधा चष्मा असेल तर काढून फोकस फिरवला की भागते; सिलिंडर नंबर मोठा असेल तरच चष्म्यासकट बघावे लागते.

जुन्या दुर्बिणीच्या खोक्यात आयपीसवर फिरवून बसवायची, 'सन' लिहिलेली एक गडद छोटी काच कधीकधी सापडते. सूर्याच्या एकवटलेल्या उष्णतेने ती डोळा लावलेला असतानाच तडकू शकते. मुलांच्या हाती लागायच्या आत ती फोडून टाका.