मध्यंतरातील वडा आणि किमतीचे गणित

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर असो वा दादरचे शिवाजी मंदिर, नाटकाचे मध्यंतर झाले की रसिकांची पावले बटाटेवड्याकडे वळतात. अवघ्या दहा-पंधरा मिनिटांत गल्ला भरतो. मात्र भरलेला गल्ला म्हणजे नफा नव्हे. अशा छोट्या उपाहारगृहाचे भवितव्य पदार्थाची किंमत कशी ठरवली यावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. दोन वड्यांच्या एका प्लेटसाठी बटाटा, बेसन, तेल, मसाला, चटणी व कागदी प्लेट मिळून १४ रुपये लागतात. एका प्रयोगासाठी १०० प्लेट तयार केल्या, त्यांपैकी ९० खपल्या. माल मात्र १०० प्लेटचा, म्हणजे १,४०० रुपयांचा लागला. भाडे, मदतनिसांची मजुरी, गॅस व वाहतूक यांचे १,८०० रुपये धरता एकूण खर्च ३,२०० रुपये झाला.

चौदा रुपयांची प्लेट तीसला विकली, की दुपटीहून अधिक मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात विक्री २,७०० रुपयांची होऊन ५०० रुपयांचा तोटा येतो. या दराने खर्च भरून निघण्यास १०७ प्लेट खपाव्या लागतील आणि तयारी तर १०० प्लेटचीच आहे! किंमत ४० रुपये ठेवल्यास ८० प्लेटमध्येच खर्च निघतो. ९० खपल्यास ४०० रुपये उरतात. मालकाची मेहनत आणि कर्जाचा हप्ता यांची तरतूद या शिलकीतूनच व्हायची असते. शिवाय ४० हा पूर्णांक असल्याने मध्यंतराच्या घाईत सुट्या पैशांचा खोळंबा कमी होतो.

दर वाढवण्याला मर्यादा असतात. म्हणून खर्चावर लक्ष हवे. ६० ग्रॅमचा वडा हाताच्या अंदाजाने ७० ग्रॅमचा झाला, तर दर सहा वड्यांमागे एका वड्याचा माल फुकट जातो. सारणाचे गोळे वजन करूनच वळावेत. तिकीटविक्रीचा अंदाज घेऊन तयारी करावी आणि वडे टप्प्याटप्प्याने तळावेत. तेलात मात्र काटकसर नको. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये.

बाटलीबंद पाण्यावर छापील किमतीची मर्यादा असते. त्यामुळे त्यातील नफा विक्रेत्याच्या हाती नसतो. तो चहा-वड्यातूनच मिळवावा लागतो. करारानुसार दरपत्रकास जागामालकाची संमती आवश्यक असल्यास हा सारा हिशेब निविदा भरण्यापूर्वीच मांडावा.

व्यवसायाचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. रोजची खरेदी, विक्री व उरलेला माल यांची नोंद असावी. उद्याच्या बटाट्यांच्या पैशांतून आजचा हप्ता भरला जातो आहे काय, हे त्या वहीतच प्रथम दिसते. ते वेळीच दिसले, तर दर सुधारता येतो आणि व्यवसायही सावरता येतो.